उणिवेची चाल

साहित्यप्रकार म्हटले की आपल्या समीक्षेला कादंबरी, लघुकथा, भावकविता आठवतात. शोधनिबंधाची प्रस्तावना हादेखील एक प्रकार असू शकतो, हे सहसा सुचत नाही. जॉन स्वेल्स यांनी 1981 मध्ये 48 शोधनिबंधांच्या केवळ प्रस्तावना तपासल्या आणि 1990 च्या ‘जॉनर अ‍ॅनालिसिस’ या ग्रंथात त्यांतून निघालेला आराखडा सुधारून मांडला. लेखनप्रकार ठरतो तो बाह्य रूपावरून नव्हे, तर ज्ञानव्यवहार करणाऱ्या समुदायाच्या समान प्रयोजनावरून, ही त्यांची भूमिका. प्रस्तावनेत लेखक तीन चाली करतो : अभ्यासक्षेत्राचे महत्त्व स्थापतो, त्यात स्वतःसाठी जागा निर्माण करतो, आणि मग ती जागा व्यापतो. (‘चाल’ हा शब्द येथे बुद्धिबळातला, पण तो गाण्यालाही लागतो, आणि बऱ्याच प्रस्तावना ठरल्या चालीवर म्हटल्या जातात, हेही खरेच.)

स्वेल्स यांनी सुदानात इंग्रजी शिकवले होते, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. इंग्रजी ज्यांची जन्मभाषा नाही अशा विद्यार्थ्यांना व्याकरणाच्या चुका दाखवणारे शिक्षक पुष्कळ भेटतात. जाणकारांमध्ये मुकाट्याने पाळले जाणारे संकेत उघड करून सांगणारे थोडेच. तो उपकार लहान नाही.

अडचण आहे ती दुसऱ्या चालीत. 1990 च्या आराखड्यात तिचे चार पर्याय होते : प्रतिदावा करणे, उणीव दाखवणे, प्रश्न उभा करणे, परंपरा पुढे नेणे. वर्गात पोहोचेपर्यंत त्यांतला दुसराच बहुधा उरतो. ‘या विषयावर आजवर फारसे संशोधन झालेले नाही’ हे वाक्य विद्यार्थी पाठ करतो आणि कोणत्याही विषयाला चिकटवतो. कॅरोलिन मिलर यांनी 1984 मध्येच लेखनप्रकाराला सामाजिक कृती म्हटले होते. येथे कृती गळून पडते आणि साचा तेवढा राहतो.

आपल्या शास्त्रग्रंथांनाही आरंभाचे संकेत होते. विषय, प्रयोजन, अधिकारी आणि संबंध हे अनुबंधचतुष्टय सांगितल्यावाचून ग्रंथ पुढे सरकत नसे. खंडनापूर्वी पूर्वपक्ष मांडावा लागे, आणि तो दुबळा मांडणे हे मांडणाऱ्याचेच वैगुण्य ठरे. उणिवेच्या वाक्यात पूर्वसूरी एका ओळीत निकालात निघतात. भाष्य आणि टीका यांवर पोसलेल्या परंपरेतल्या विद्यार्थ्याला चौथा पर्याय खरे तर सर्वांत जवळचा. तोच त्याला शिकवला जात नाही. 2004 च्या ग्रंथात स्वेल्स यांनी आराखड्यात फेरफार केले आणि ज्ञात गोष्टींत भर घालणे हाही मार्ग नोंदवला, पण आमच्या हातात अजून जुनाच तक्ता, तोही अर्धा.

याहून गंभीर प्रश्न प्रामाणिकपणाचा आहे. ‘संशोधन झालेले नाही’ असे म्हणण्याचा अधिकार झालेले संशोधन वाचलेल्याला असतो. ज्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात विषयाची नियतकालिके येत नाहीत, तेथला विद्यार्थी हे वाक्य निर्दोष इंग्रजीत लिहितो. त्याला खरे म्हणजे ‘मला सापडले नाही’ एवढेच म्हणता येते. दोष त्याचा नाही. त्याला वाक्य मिळाले, ग्रंथ मिळाले नाहीत. लेखन शिकवणाऱ्याने त्या ओळीशेजारी समासात एवढेच विचारावे : कोठे शोधले, आणि काय वाचायला मिळाले? त्या उत्तरातून प्रस्तावनेचा दुसरा परिच्छेद पुष्कळदा आपोआप लिहून होतो.