भर उन्हातली भुते

झपाटलेल्या म्हणून लौकिक पावलेल्या वास्तूंची जी कृष्णधवल छायाचित्रे इंग्लंड-आयर्लंडात एका स्वतंत्र कलाप्रकाराच्या योग्यतेला चढली, त्यांतील काळेकुट्ट आकाश आणि पांढरीफटक झाडी पाहून ती मध्यरात्रीच्या चांदण्यात घेतली असावीत, असा समज कोणाचाही व्हावा. वस्तुतः अशा चित्रांना बहुधा लख्ख ऊनच लागते. ही सारी करामत अवरक्त किरण टिपणाऱ्या फिल्मची. हिरवी पाने हे किरण मोठ्या प्रमाणात परतवून लावतात, म्हणून पालवी शुभ्र उमटते. निरभ्र आकाशातून ते फारसे येतच नाहीत, म्हणून आकाश काळे पडते. रॉबर्ट वुड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१० साली अशी चित्रे प्रसिद्ध केली, तेव्हा त्याच्या मनात पिशाच्चांचा विचार नसावा. पुढे कोडॅकने या जातीची जी फिल्म काढली, तिला उलटून येणारा प्रकाश शोषून घेणारा लेप नसल्यामुळे उजळ भागांभोवती धूसर वलय उठे. ती कॅमेऱ्यात भरायची तर पूर्ण अंधारात भरावी लागे, भिंगावर लाल काच चढवावी लागे, आणि जो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही त्याचे माप बव्हंशी अनुभवाच्या अंदाजानेच घ्यावे लागे. पडक्या भिंतीवर चढलेला आयव्हीचा वेल अशा फिल्मवर कफनासारखा दिसतो, यात छायाचित्रकाराचे कसब किती आणि रसायनांचे किती, हा प्रश्न या कलेच्या परीक्षकाला टाळता येत नाही.

या कलेचे पूर्वज मोठे आहेत. अमेरिकेत क्लॅरेन्स जॉन लॉफलिनने १९४८ साली ‘घोस्ट्स अलाँग द मिसिसिपी’ या ग्रंथात लुइझियानातील मळेवाल्यांच्या ओसाड हवेल्या चित्रित केल्या. परंतु गुलामांच्या श्रमांवर उभ्या राहिलेल्या त्या वास्तूंत त्याला अवगुंठित स्त्रियांच्या छायाकृती आणून बसवाव्याशा वाटल्या, हे मला त्याच्या प्रतिभेचे वैभव न वाटता तिची पळवाट वाटते.

सर सायमन मार्सडेन (१९४८–२०१२) हा लिंकनशायरच्या बॅरोनेट घराण्यातला पुरुष या परंपरेचा अलीकडचा सर्वांत समर्थ प्रतिनिधी. त्याचे १९८० सालचे ‘इन रुइन्स’ हे आयर्लंडच्या उद्ध्वस्त जमीनदारी वाड्यांवरचे पुस्तक मी त्याची सर्वोत्तम कृती मानतो, कारण तेथे वातावरणाला इतिहासाचा भक्कम आधार आहे. वेस्टमीथ परगण्यातील मॉयड्रमचा वाडा घ्या. लॉर्ड कॅसलमेन यांची ही वडिलोपार्जित मिळकत १९२१ च्या जुलैत आयरिश बंडखोरांनी जाळली, ती सरकारी फौजांनी गावकऱ्यांची घरे जाळल्याचा बदला म्हणून. छप्पर गेलेले बुरूज, मोकळ्या खिडक्या आणि त्यांत शिरलेली वेल यांकडे पाहताना कोणाची कुळे, कोणाचा खंड आणि कोणाची आग हे सारे जाणवते. भुताची गरजच उरत नाही. याच वाड्यासमोर १९८४ साली अँटन कॉर्बाइनने यू-टू या वाद्यवृंदाच्या चौघांना उभे करून ‘द अनफर्गेटेबल फायर’चे मुखपृष्ठ घेतले, आणि ते मार्सडेनच्या चित्राशी इतके मिळतेजुळते निघाले की प्रकरण नुकसानभरपाईवर मिटवावे लागले. एखादी दृष्टी इतक्या सहजी उचलता आली, यातच तिचा साचा होण्याचा धोका दिसून येतो.

तो साचा पुढे मार्सडेनच्या स्वतःच्याच हातून घट्ट झाला. ‘द हॉन्टेड रेल्म’ (१९८६) पासून पुढच्या ग्रंथांत चित्राशेजारी आख्यायिका येऊ लागली, आणि हळूहळू चित्र त्या आख्यायिकेची हुकूमबरदारी करू लागले: कोठे शिर नसलेला सरदार, कोठे शोकाकुल कुलवधू, आकाश मात्र सर्वत्र तेच. आपल्याकडेही शनिवारवाडा म्हटला की १७७३ सालची नारायणरावांची ती किंकाळी आठवते. ज्या आगीने वाड्याचे अवशेष केले, ती १८२८ सालची आग कोणी सांगत नाही. आख्यायिका वास्तूला प्रसिद्धी देते आणि तिचे दफ्तर गुंडाळून ठेवते. निदान मार्सडेनने चौकटीत भूत घालण्याचा मोह बव्हंशी आवरला, एवढे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. कारण रेनहॅम हॉलच्या जिन्यावरील ‘तपकिरी बाई’चे १९३६ सालचे सुप्रसिद्ध छायाचित्र पाहिले की खरे-खोटे करण्यातच लक्ष गुंतते, आणि तो सुंदर जिना पाहायचा राहून जातो.

कोडॅकने आपली ती फिल्म २००७ साली बंद केली. आता संगणकावर एक कळ दाबताच कोणत्याही गावाबाहेरच्या घराचे आकाश काळे करता येते, आणि तसे ते केलेही जात आहे. ज्या परिणामासाठी पूर्वी उन्हाची, ऋतूची व अंदाजाची मनधरणी करावी लागे, तो आता विषय न पाहताच लाभतो. म्हणूनच मला बिल ब्रँट पुन्हापुन्हा आठवतो. यॉर्कशायरच्या माळावरील टॉप विदेन्स हे पडके शेतघर ‘वदरिंग हाइट्स’ या कादंबरीतील घर म्हणून ख्यात झालेले. ब्रँटने १९४५ साली घेतलेल्या त्याच्या चित्रात झोडपलेले गवत, ढगांचे ओझे आणि दूरवर ते घर, एवढेच आहे. पुढे ब्राँटे सोसायटीने त्या भिंतीवर १९६४ साली पाटी बसवली आणि हे घर धडधाकट असतानाही कादंबरीतल्या घरासारखे नव्हते, फार तर त्या जागेच्या परिसराने लेखिकेला काही सुचले असेल, असे तीवर नमूद केले. आजच्या झपाटलेल्या चित्रसंग्रहांतील मथळे कोणी तरी इतक्याच सचोटीने लिहू लागले, तर त्यांतली निम्मी चित्रे छापण्याचे कारण उरणार नाही, आणि उरलेली निम्मी नीट पाहिली जातील.