राहेल नाही म्हणते

एस्तेर डेव्हिड यांची 'बुक ऑफ रेचल' ही इंग्रजी कादंबरी २००६ साली आली आणि २०१० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला एखादा पदार्थ कृतीसकट दिलेला आहे. त्यामुळे आपल्यात या पुस्तकाचं नाव निघालं की बोलणं चिकाच्या हलव्यावर आणि मलिद्यावर जातं आणि तिथेच थांबतं. माझ्या मते हा लेखिकेवर अन्याय आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. राहेल (आपण तिला राहेलच म्हणू) कोकणात समुद्रकाठी एकटी राहते. मुलं इस्राएलला गेली, शेजारपाजारचे बेने इस्राएलही गेले. मागे उरलं ते सिनेगॉग, ज्याला आपली जुनी माणसं मशीद म्हणत. त्याची देखभाल राहेल करते. पुढे त्या जमिनीवर बिल्डरची नजर जाते, आणि राहेल आडवी उभी राहते. सिनेगॉगच्या कमिटीला याचं आश्चर्य वाटतं.

त्या आश्चर्यातच सगळी कादंबरी आहे असं मला वाटतं. मिन्यानमध्ये बाईला मोजत नाहीत. राहेलच्या हाती ना पद, ना पैसा. जागेचा व्यवहार करणारे वेगळे आणि ती झाडूनपुसून ठेवणारे वेगळे, ही वर्गाची रेघ आपल्या छोट्याशा समाजातही आहे आणि लेखिकेने ती बरोबर ओळखली आहे. राहेल भाषण करत नाही. जन्मभर घरच्यांसाठी राबलेली ही बाई घर रिकामं झाल्यावर पहिल्यांदा स्वतःच्या मताने 'नाही' म्हणते, आणि आपल्यात एवढं बळ आहे हे तिलाही तेव्हाच कळतं.

पदार्थांचा अर्थही इथेच लागतो. मटणाच्या रश्शात आपण नारळाचं दूध का घालतो, हे आपल्याला कोणी ग्रंथ उघडून शिकवलं नाही. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, आणि कोकणात नारळ तर दारातच. आईच्या हाताखाली आपण ते शिकलो. राहेलकडेही धर्माचं ज्ञान याच वाटेने आलेलं आहे आणि ती कमिटीपुढे टिकते ती त्याच्याच जोरावर.

उणिवाही आहेत. मुलगी झेफ्रा इस्राएलहून येते, इकडे यहूदा नावाचा तरुण वकील मदतीला आहे, आणि राहेलच्या मनात शिदुख सुरू होतो. आईच्या मनात तो यावा हे साहजिक आहे, पण कादंबरीही तिच्या मागे जरा जास्तच लगबगीने धावते. एवढी खंबीर बाई उभी केल्यावर वाचकाला लग्नाचं आमिष दाखवायची गरज नव्हती. शिवाय संवाद इंग्रजीत. आपण ते मनातल्या मनात मराठीत करून घेतो, पण 'अगं' आणि 'अहो' यांतला फरक इंग्रजीत यायचा कसा?

मुलांची बाजू मात्र अर्धवट राहते. दिमोनात किंवा लोदला आपली पहिली वर्षं कशी गेली, १९६२ ते १९६४ या काळात लग्नासाठी आपल्या यहुदीपणाबद्दल रब्बानूतने शंका घेतली तेव्हा काय वाटलं, आणि यातलं आईला पत्रात किती लिहिलं, किती लपवलं, हे राहेलच्या खिडकीतून दिसणार नाही. त्यासाठी दुसरी कादंबरी हवी, तीही मराठीत, आणि ती लिहू शकतील असे हात आता फार थोडे उरले आहेत.

पुस्तकाची भाषा सोपी आहे. इंग्रजी वाचणाऱ्या नातवंडांना जरूर द्या, पण आधी जागेच्या भानगडीबद्दल सांगा. पदार्थांचं ती आपण होऊन विचारतील.