साथ सोडलेला आवाज

इंदूरच्या श्रोत्याला एकट्या गळ्याची थोरवी सांगावी लागत नाही. उस्ताद अमीर खाँ यांच्या झुमऱ्यातील अतिविलंबित ख्यालाने ज्या नगरीचे नाव एका घराण्यास मिळाले, तेथील रसिकाची धारणा अशी की, गाणे म्हणजे एका गळ्याचा विचार आणि वाद्ये ही त्याची साथ. हेवी मेटल या संगीताकडे ही धारणा घेऊन जाणारा मात्र फसतो. ते संगीत परके म्हणून दूर सारणेही आता शक्य नाही. २००६ साली याच शहरात 'निकोटीन' हा मेटल वाद्यवृंद निघाला. तेव्हा या संगीतातील गायक एकटा गाऊ लागला म्हणजे काय घडते, हे रॉब हॅलफर्ड यांच्या उदाहरणावरून पाहणे अप्रस्तुत होणार नाही.

१९५१ साली जन्मलेले हॅलफर्ड इंग्लंडातील वॉल्सॉल या कारखान्यांच्या गावी वाढले. शाळेच्या वाटेवर कानी पडणाऱ्या धातुकामाच्या धडधडाटाच्या आठवणी त्यांनी सांगितल्या आहेत. गिरणीच्या भोंग्यावर दिवस मोजलेल्या इंदूरकरांना त्या समजावून द्यावयास नकोत. १९७३ मध्ये ते 'जुडास प्रीस्ट' या वाद्यवृंदात आले. तेथे दोन गिटारी एकमेकींशी झुंजत आणि त्यांच्या डोक्यावरून हा आवाज पात्यासारखा निघून जाई. १९९० ची 'पेनकिलर' ही ध्वनिमुद्रिका हे त्याचे शिखर होय. त्यानंतर दोनच वर्षांनी ते बाहेर पडले.

स्वतःच्या 'फाइट' या वाद्यवृंदासह त्यांनी १९९३ साली 'वॉर ऑफ वर्ड्‌स' काढली. गीते सर्व त्यांचीच. ढोल वाजविणारे स्कॉट ट्रॅव्हिस मात्र जुन्या घरचे. येथे आवाज बराचसा खाली उतरला आहे, खरखरीत झाला आहे. तरी त्यात ताजेपणा आहे. १९९५ ची दुसरी ध्वनिमुद्रिका आम्हांस निस्तेज वाटते. पुढे १९९८ मध्ये 'टू' या नावाने गिटारवादक जॉन लॉवरी यांच्यासह 'व्हॉयर्स' आली. तीत यंत्रांचे ठेके पुढे आहेत आणि ज्याच्यासाठी श्रोता येतो तो गळा मागे कुजबुजत राहतो. त्याच वर्षी हॅलफर्ड यांनी दूरचित्रवाणीवर आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले. पुरुषी ऐटीवर पोसलेल्या या क्षेत्रात हे लहान धैर्य नव्हे. कला सर्वांत अधिक लपलेली असताना जीवनातील लपविलेली गोष्ट बोलली गेली, हा योग आम्हांस विलक्षण वाटतो.

२००० सालची 'रेझरेक्शन' ही त्यांच्या स्वतंत्र कारकिर्दीतील सर्वोत्तम कृती, असे आमचे मत आहे. निर्माते रॉय झी यांनी पुन्हा दोन गिटारी समोरासमोर उभ्या केल्या आणि आवाज पुन्हा उंचावर गेला. ही माघार आहे, जुन्या यशाची नक्कल आहे, असा आक्षेप येथे संभवतो. तो आम्हांस मान्य नाही. 'व्हॉयर्स'मध्ये रूप नवे होते, पण ते दुसऱ्यांच्या चालीचे. येथे रूप जुने आहे, परंतु घर सोडून गेलेल्या आणि वाट चुकून परतलेल्या माणसाचे शीर्षकगीतातील बोलणे त्याचे स्वतःचे आहे. यातील सर्वच गीते त्या तोलाची आहेत असे नाही. २००२ ची 'क्रूसिबल' अधिक भारदस्त असली, तरी तिच्या चाली मनात कमी रेंगाळतात. २००३ मध्ये हॅलफर्ड 'जुडास प्रीस्ट'मध्ये परतले.

या अकरा वर्षांचा निष्कर्ष काय? ख्यालगायकाला साथ पुरते. मेटलच्या गायकाला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी लागतो. गिटार नमली की आवाजही बोथट होतो. वाद्यवृंद सोडला म्हणजे आवाज आपोआप मोकळा होतो, हा भ्रम हॅलफर्ड यांच्या उण्या मुद्रिकांनीच दूर केला. म्हणून त्या वाया गेल्या असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या माळव्यातील एखाद्या तरुण गायकाच्या मनात एकट्याने ध्वनिमुद्रण करण्याचा विचार असेल, तर त्याने 'रेझरेक्शन' अवश्य ऐकावी. पण तिच्या आधी 'व्हॉयर्स' ऐकावी आणि तीही शेवटपर्यंत.