व्हिममधील ‘पर्यंत’: मजकूर निवडण्याच्या नियमांची चिकित्सा

व्हिम हा टेक्स्ट एडिटर माउसऐवजी कीबोर्डवरून चालवला जातो. तो शिकवताना एक गोष्ट हमखास सांगितली जाते: व्हिमच्या आज्ञा म्हणजे एक छोटी भाषाच आहे. ‘डी’ म्हणजे ‘खोडा’, हे क्रियापद. ‘डब्ल्यू’ म्हणजे ‘पुढच्या शब्दाच्या सुरुवातीपर्यंत’, हे अंतर. दोन्ही जोडले की वाक्य पूर्ण होते. मोजकी क्रियापदे आणि मोजकी अंतरे शिकली की त्यांच्या असंख्य जोड्या आपोआप वापरता येतात. हा दावा बराचसा खरा आहे. मात्र मजकूर निवडताना तो कुठे अपुरा पडतो आणि का, हे या टिपणात तपासू.

१. एकच अंतर, दोन परिणाम

फाइलमध्ये ‘कमल घर बघ’ अशी ओळ आहे आणि कर्सर पहिल्या ‘क’वर आहे असे समजा. (एकामागून एक दाबायच्या कळा येथे आडव्या रेघेने जोडल्या आहेत.)

• डी-डब्ल्यू: ‘घर बघ’ उरते.
• व्ही-डब्ल्यू-डी: ‘र बघ’ उरते.

दुसऱ्या रीतीत ‘व्ही’ने आपण व्हिज्युअल मोडमध्ये जातो, ‘डब्ल्यू’ने निवड पुढे वाढवतो आणि मग खोडतो. क्रियापद तेच, अंतर तेच. तरी ‘घर’मधला ‘घ’ गेला. उलट दिशेनेही हेच होते. कर्सर ‘बघ’मधल्या ‘ब’वर ठेवून डी-बी केले तर ‘कमल बघ’ उरते. व्ही-बी-डी केले तर ‘ब’ही जातो आणि ‘कमल घ’ उरते.

२. कारण: ‘पर्यंत’चे दोन अर्थ

‘सोमवारपर्यंत अर्ज भरा’ अशी सूचना वाचल्यावर सोमवार धरायचा की सोडायचा, असा प्रश्न आपल्याला पडतो. व्हिममध्येही हाच प्रश्न आहे. त्यातील अक्षरांच्या अंतरांचे दोन वर्ग आहेत. इन्क्लुझिव्ह अंतरात शेवटचे अक्षर धरले जाते, उदा. ‘ई’ (शब्दाच्या शेवटापर्यंत). एक्सक्लुझिव्ह अंतरात ते सोडले जाते, उदा. ‘डब्ल्यू’ आणि ‘बी’. ‘डी’सारखे क्रियापद थेट लावले की हा भेद पाळला जातो. व्हिज्युअल मोडमध्ये मात्र, मूळ सेटिंग न बदलल्यास, कर्सरखालचे अक्षर नेहमीच निवडीत धरले जाते. अंतर कोणत्या वर्गातले, हा प्रश्नच तेथे उरत नाही.

यामागे कर्सरच्या दोन कल्पना आहेत. पहिलीत कर्सर अक्षरावर बसलेला असतो. दुसरीत तो दोन अक्षरांच्या मध्ये असतो. ईमॅक्समध्ये दुसरी कल्पना आहे, त्यामुळे निवडीची दोन्ही टोके अक्षरांच्या मधल्या फटीत पडतात आणि धरा-सोडाचा वाद उद्भवत नाही. व्हिमचा पूर्वज व्हीआय हा एडिटर बिल जॉय यांनी १९७० च्या दशकात बर्कली येथे लिहिला. त्यात व्हिज्युअल निवड नव्हती. ब्राम मोलेनार यांच्या व्हिममध्ये (पहिले प्रकाशन १९९१) ती आली. जुन्या व्याकरणात सरकण्याचे नियम आधीच ठरलेले होते. नव्या मोडने पडद्यावर जे रंगलेले दिसते त्याला प्रमाण मानले.

३. कोणती विसंगती समर्थनीय?

सर्व विसंगतींना एकाच मापाने मोजणे योग्य नाही.

इन्क्लुझिव्ह-एक्सक्लुझिव्ह हा भेद समर्थनीय आहे. शब्दाच्या शेवटापर्यंत खोडताना शेवटचे अक्षर मागे राहिले तर त्या आज्ञेचा उपयोगच नाही.

सी-डब्ल्यू हा जाहीर अपवाद आहे. ‘सी’ म्हणजे ‘बदला’. नियमाने पाहता शब्दामागची मोकळी जागाही जायला हवी, पण कर्सर शब्दावर असताना ती राहते. म्हणजे सी-डब्ल्यू हे सी-ई सारखे वागते. हे सोयीचे आहे, परंतु व्याकरण मोडून मिळवलेली सोय आहे.

डॉलर चिन्हाचे वर्तन सर्वांत कमी समर्थनीय वाटते. डी-$ ओळीच्या शेवटापर्यंतचा मजकूर खोडते आणि ओळ वेगळी ठेवते. व्ही-$-डी मात्र ओळ तोडणारे अदृश्य चिन्हही खोडते आणि खालची ओळ वर येऊन जोडली जाते. ‘जे दिसते ते जाते’ हा व्हिज्युअल मोडचा बचाव येथे लंगडा पडतो, कारण गेलेले चिन्ह अक्षर म्हणून दिसतच नव्हते.

मुख्य आक्षेप शिकण्याशी संबंधित आहे. नवखा विद्यार्थी आज्ञा देण्यापूर्वी काय खोडले जाईल हे पाहण्यासाठी निवड करतो. ही सवय चांगली आहे. पण येथे निवडीतून दिसणारा नमुना थेट आज्ञेच्या परिणामाशी जुळत नाही. पडताळ्याचे साधनच वेगळे उत्तर देते.

४. उपाय आणि त्यांची किंमत

‘सिलेक्शन’ हा पर्याय ‘एक्सक्लुझिव्ह’ केला की वरच्या उदाहरणातील व्ही-डब्ल्यू-डी आणि डी-डब्ल्यू जुळतात. पण मग ओळीच्या टोकापासून मागे निवड करताना शेवटचे अक्षर धरता येत नाही. शिवाय प्रयोगशाळेतील दुसऱ्या संगणकावर तुमची सेटिंग असेलच असे नाही.

अधिक भरवशाचा मार्ग टेक्स्ट ऑब्जेक्टचा आहे. डी-आय-डब्ल्यू आणि व्ही-आय-डब्ल्यू-डी या दोन्हींनी कर्सरखालचा शब्द तेवढाच जातो. येथे ‘कुठपर्यंत’ असे न सांगता ‘कोणती वस्तू’ हे सांगितलेले असते, त्यामुळे दोन्ही टोके आधीच ठरतात. काकून आणि हेलिक्स या एडिटरांनी क्रमच बदलला: आधी निवड, मग क्रिया. तेथे निवड न दाखवणारी वेगळी वाट नसल्याने दोन उत्तरे संभवत नाहीत.

म्हणून व्हिमचे व्याकरण शिका, पण ते अपवादरहित आहे असे मानू नका. स्वतः एखादा प्रोग्रॅम लिहिताना, फंक्शनला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन संख्या देताना, शेवटची धरली की सोडली हे एकदाच ठरवा, लिहून ठेवा आणि सर्वत्र पाळा. डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मधील टिपणात पहिली संख्या धरण्याची आणि शेवटची सोडण्याची रीत सुचवली होती. तीत लांबी साध्या वजाबाकीने मिळते. पायथॉनमधील स्लाइसही याच रीतीने चालते.

स्वाध्याय

१. वरच्या ओळीत पहिल्या ‘क’वरून डी-ई आणि व्ही-ई-डी यांचे परिणाम सारखे का येतात? आधी उत्तर लिहा, मग करून पाहा.
२. ‘एफ’ हे अंतर इन्क्लुझिव्ह आहे, तर शिफ्टसह ‘एफ’ (मागे शोधणारे) एक्सक्लुझिव्ह. या निवडीमागचा हेतू काय असावा?