अवघड काम कोणाच्या वाट्याला?

ब्रिटिश सरकारचं ‘गव्ह डॉट यूके’ हे संकेतस्थळ दिसायला रूक्ष आहे. पांढरी पार्श्वभूमी, काळी अक्षरं, निळे दुवे, मधूनच एखादं हिरवं बटण. तरी 2013 मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमने वर्षातलं सर्वोत्तम डिझाइन म्हणून त्याची निवड केली. ‘द शार्ड’ ही गगनचुंबी इमारतही त्या वर्षी स्पर्धेत होती. या रूक्षपणाची गोडी कळायची तर आधी त्यामागची आखणी वाचावी लागते.

तिची सुरुवात 2010 मध्ये मार्था लेन फॉक्स यांनी सरकारला दिलेल्या अहवालात आहे. खात्यांच्या विखुरलेल्या संकेतस्थळांवर नागरिकाला काय अनुभव येतो, याची सूत्रं एका हाती द्या, असं त्यांनी सुचवलं. 2011 मध्ये त्यासाठी वेगळा विभाग उभा राहिला, त्याच वर्षी कच्चा नमुना लोकांपुढे आला आणि 17 ऑक्टोबर 2012 रोजी ‘डायरेक्टगव्ह’ व ‘बिझनेस लिंक’ या जुन्या संकेतस्थळांची जागा नव्या संकेतस्थळाने घेतली. रंगरूप ठरवण्याआधी या मंडळींनी एकच विचारलं: लोक सरकारकडे नेमकं कशासाठी येतात? प्रत्येक पानाला आपली गरज सिद्ध करावी लागली. जुन्या संकेतस्थळावर मधमाश्या पाळणाऱ्यांनाही सल्ला होता. सल्ला खोटा नव्हता, पण तो द्यायला सरकारच कशाला हवं? तो गळला. कमी करा, आणि सोपं करण्यासाठी लागणारे कष्ट स्वतः उपसा, ही त्यांच्या जाहीर तत्त्वांतली दोन तत्त्वं. माझ्या मते सगळ्या आखणीचा जीव दुसऱ्यात आहे.

बँक हॉलिडेचं पान पाहा. तिथे येणाऱ्या बहुतेकांना एवढंच हवं असतं की पुढची सार्वजनिक सुट्टी कधी. म्हणून ती तारीख हिरव्या चौकटीत, ठळक अक्षरांत, सगळ्यात वर. वर्षाची यादी खाली. इंग्लंड-वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांच्या सुट्ट्या वेगळ्या, म्हणून तीन भाग. सुट्ट्यांचा कायदा, इतिहास, मंत्र्याचा फोटो, यातलं काहीच वाटेत येत नाही. आणि बहुतेक सुट्ट्यांच्या दिवशी पानावर रंगीत पताका लागतात! इतक्या काटकसरीनंतर ही उधळण खुलून दिसते.

अर्जांतही हीच नजर आहे. एका पानावर शक्यतो एकच प्रश्न. जन्मतारखेसाठी दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने. जन्मवर्ष शोधत लांबलचक यादी खाली ओढत नेण्याची शिक्षा नाही. चूक झाली तर काय भरायचं ते सरळ सांगतात. ‘तुम्ही विसरलात’ असा ठपका नाही की ‘कृपया’, ‘क्षमस्व’ची पेरणी नाही. शेवटी सगळी उत्तरं एकत्र समोर येतात, प्रत्येकापुढे बदलण्याची सोय. अर्ज पोचला की पोच क्रमांकाबरोबर पुढे काय होणार तेही कळतं. खिडकीवरचा जाणता कारकून जे तोंडी करतो, ते इथे रचनेने केलं आहे.

अक्षरांची निवडही याच सुरात आहे. ब्रिटनच्या रस्त्यांवरच्या पाट्यांसाठी जॉक किनियर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी घडवलेल्या वळणाचं नवं रूप इथे वापरलं. धावत्या गाडीतून वाचता यावीत म्हणून घडवलेली अक्षरं घाईत असलेल्या नागरिकाला नेमकी उपयोगी पडतात.

मात्र याच विभागाची ‘व्हेरिफाय’ ही ओळख पटवण्याची सेवा कष्ट स्वतः उपसण्याच्या कसोटीला उतरली नाही. 2016 मध्ये ती रीतसर सुरू झाली. पडद्यावरची भाषा तिथेही सुबोध होती, पण पडद्यामागे खाजगी कंपन्या नागरिकाची माहिती नोंदींशी ताडून पाहत, आणि नोंदी अपुऱ्या असलेला माणूस अडकत असे. 2019 मध्ये ब्रिटनच्या लेखापरीक्षण कार्यालयाने दाखवून दिलं की जेमतेम निम्म्या लोकांचीच ओळख पटत होती. 2023 मध्ये सेवा बंद झाली. यंत्रणेने न उपसलेले कष्ट पुन्हा नागरिकाच्याच माथी आले होते.

म्हणून या संकेतस्थळाची साधी पानं उचलून नक्कल करणाऱ्यांच्या हाती फार काही लागणार नाही. पान साधं करणं चित्रकाराला जमतं. काम सोपं करणं त्याच्या एकट्याच्या हातात नसतं. त्यासाठी खात्यांनी आपसातली भांडणं मिटवणं, नोंदी जुळवणं, नको ते प्रश्न अर्जातून काढणं, हे आखणीतच लिहावं लागतं आणि ते करवून घेण्याचा अधिकारही मागावा लागतो. लेन फॉक्स यांनी तो पहिल्याच अहवालात मागितला होता. या सगळ्या कलाकृतीतली मला सर्वात दाद द्यावीशी वाटणारी जागा तीच.