भस्मासुर आणि विस्मृत वरदाता

विशेषनामाचे सामान्यनाम होऊ शकते, अशी नोंद व्याकरण करते. परंतु कथेतील खलपात्राचे नाव व्यवहारभाषेत उतरताना कथेचा कोणता अंश त्याच्यासोबत येतो आणि कोणता मागे राहतो, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेत येतो. मराठी मुलाला आजीच्या गोष्टींतून भेटणारे पूतना, बकासुर आणि भस्मासुर या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत.

पूतनेच्या नावाला मराठीत ‘मावशी’ हे नाते जोडले जाते. ‘माय मरो, पण मावशी जगो’ असे म्हणणाऱ्या समाजात या नात्याच्या आडून येणारे विष अधिकच दाहक ठरते. ‘पूतनामावशीचे प्रेम’ या प्रयोगात वात्सल्याचे सोंग आणि त्यामागील घात, असे सारे कथानक शाबूत आहे. शकुनीला चिकटलेला ‘मामा’ही हेच कार्य करतो. ही नामे व्यक्तीपेक्षा संबंधाची वाचक आहेत.

बकासुराच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. खादाडाला बकासुर म्हणताना उरते ते केवळ पोट. आदिपर्वातील बक मात्र एकचक्रा नगरीच्या परिसराचे शत्रूंपासून रक्षण करतो आणि त्याचे वेतन म्हणून गाडाभर अन्न, दोन रेडे व ते घेऊन येणारा माणूस स्वीकारतो. दुबळ्या राजाच्या प्रजेने पत्करलेली ही व्यवस्था हा कथेचा गाभा होय. व्यवहारभाषेने नेमका तोच वगळला.

भस्मासुराचे उदाहरण अधिक गंभीर आहे. भागवताच्या दशम स्कंधात या असुराचे नाव वृकासुर असे येते. लोकपरंपरेतील ‘भस्मासुर’ हे नाव त्याला मिळालेल्या वरावरून सिद्ध झाले आहे. म्हणजे शंकराने दिलेला वर आणि तो शंकरावरच उलटणे, हा प्रसंग नावातच सूचित आहे. वृत्तपत्रीय मराठीतील ‘महागाईचा भस्मासुर’, ‘प्लॅस्टिकचा भस्मासुर’ या प्रयोगांत मात्र षष्ठी केवळ अभेद दाखवते: महागाई हाच भस्मासुर. वर देणाऱ्याला या रचनेत जागाच उरत नाही. ‘अमक्याने पोसलेला भस्मासुर’ असे म्हटले की तो परत येतो, आणि प्रयोगाला धार येते.

याउलट बागुलबुवाला स्वतःची कथा नाही. तरीही ‘बागुलबुवा उभा करणे’ या वाक्प्रचारातील क्रियापद कर्त्याची अपेक्षा करते, आणि भीती कोणी निर्माण केली हा प्रश्न जिवंत राहतो.

तेव्हा खलनामांचा भाषाप्रवेश ही केवळ शब्दसंपत्तीची वाढ मानणे अपुरे आहे. नाव रूढ होताना कथेतील उत्तरदायित्व गळून पडले, तर मनुष्यनिर्मित संकटही आपोआप अवतरलेल्या असुरासारखे भासू लागते. सार्वजनिक भाषेची चिकित्सा करणाऱ्याने भस्मासुर दिसताच वरदात्याचा शोध घेतला पाहिजे.