उण्याची कारागिरी

मोतीबिंदूच्या लेन्सची चर्चा किमतीपाशी सुरू होते आणि पॅकेजपाशी संपते. तिच्या पृष्ठभागाच्या वळणाकडे कोणी बघत नाही, आणि खरी करामत तिथेच आहे.

हॅरॉल्ड रिडले यांनी १९४९मध्ये लंडनला पहिली लेन्स बसवली. पुढे जवळपास पन्नास वर्षं लेन्स गोलीयच राहिली. तिच्या कडेवरून जाणारे किरण मधल्या किरणांच्या अलीकडेच एकत्र येतात. उन्हात बाहुली बारीक असते, म्हणून हा गोलीय दोष झाकून जातो. रात्री बाहुली मोठी झाली की अशा लेन्सवाल्या माणसासाठी डांबरी रस्त्यावरची म्हैस रस्त्यातच विरघळते. दवाखान्यातला तक्ता मात्र हाच माणूस शेवटच्या ओळीपर्यंत खडाखड वाचतो. तिथे पांढऱ्यावर ठसठशीत काळं छापलेलं असतं ना!

बाहुली ६ मिलिमीटर धरली, तर कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, गोलीय दोष सरासरी अधिक ०.२७ मायक्रॉन भरतो. तरुण डोळ्यातलं नैसर्गिक भिंग उलट दिशेचा दोष बाळगून या कर्जाची बरीचशी फेड करतं. गोलीय लेन्स त्यात भरच घालते. ‘टेक्निस’ या अगोलीय लेन्सच्या रचनाकारांनी म्हणून तिच्यात मुद्दाम उणे ०.२७चा दोष घातला. दोषानेच दोष काढायचा, ही कल्पनाच देखणी. ‘ॲक्रिसॉफ आयक्यू’ उणे ०.२०वर थांबते. ‘अक्रिऑस एओ’ स्वतःचा दोष शून्य ठेवते आणि कॉर्नियाच्या दोषाला हातही लावत नाही.

कागदावर ‘टेक्निस’ जिंकते. पण शस्त्रक्रियेनंतर भिंगाची पिशवी आकसते, लेन्स थोडी सरकते, कलते. पुरेपूर फेड करणारी लेन्स मध्यापासून हलली की कोमा नावाचा नवाच दोष उभा राहतो. ‘एओ’ला अशा सरकण्याचं फारसं सोयरसुतक नसतं. मला तिचा हा पोक्तपणा जास्त आवडतो.

लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या मल्टिफोकल लेन्सवरची वर्तुळाकार पायऱ्यांची नक्षी सुरेख, यात वाद नाही. पण ती उजेडाची वाटणी करते: काही लांबसाठी, काही जवळसाठी, काही वायाच. चष्मा बराचसा सुटतो. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांभोवती कडी दिसू शकतात.

रात्री गाडी चालवणाऱ्याला मी साधी, एकाच अंतराची मोनोफोकल, पण अगोलीय लेन्स सुचवेन. अपवाद एकच. प्लस नंबर घालवायला लेसिक केलेल्या डोळ्यात कॉर्नियाचा दोष उणे झालेला असू शकतो. तिथे जुनी गोलीय लेन्सच शोभते. तेव्हा पॅकेज ठरवण्याआधी डॉक्टरांना एवढं विचारा: माझ्या कॉर्नियाचा गोलीय दोष मोजलात का, आणि तो किती आला?